हावोद-लासचा पेरो

१

मेंढ्या आम्हाला खाली पुलापाशी सापडल्या. भर पावसात लिव्हरपूलहून वेल्समध्ये सहलीला आलेले माझे पेन्शनर प्रवासी छत्र्या उघडून त्यांना वर हाकत होते, आणि मेंढ्या छत्र्यांनाच भिऊन पुन्हा खाली पळत होत्या. शेवटी मी पुढे धावले, दोरी सोडली, फाटक सताड उघडलं आणि दगडी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. शेवटची मेंढी आत शिरेपर्यंत माझ्या बुटांत इतकं पाणी शिरलं होतं की चालताना पचपच आवाज येत होता.

"मावशी, पेरोला का नाही सोडत?" मी ओरडले. "घरात कुत्रा असताना ही कवायत आम्ही कशाला करतोय?"

मार्गेदमावशी अंगणात उभ्या होत्या, डोक्यावर रिकामं पोतं घेऊन. त्यांनी तोंडात दोन बोटं घातली आणि शीळ मारली. ही शीळ डोंगराच्या पलीकडे असला तरी पेरोला ऐकू जाते आणि तो असेल तिथून सुटतो, हे अख्ख्या दरीला ठाऊक आहे. त्यांनी पुन्हा शीळ मारली. पेरो आला नाही.

"फाटक कुणी उघडं टाकलं?" मावशी म्हणाल्या.

त्यांचा भाचा त्रिस्तान, ज्यानं 'आत्या, तुझ्या मेंढ्या रस्त्यावर आल्यात' ही बातमी आणली होती, तो आपल्या चकचकीत बुटांकडे बघत राहिला.

"मी सांगते कुणी ते. हिच्या माणसांनी," मावशी म्हणाल्या. "पेरो मोकळा होता अंगणात. फाटक उघडं दिसलं, मेंढ्या निघाल्या, तो त्यांच्यामागे गेला. मोठ्या रस्त्यावर गाड्यांखाली आला असेल, नाहीतर कुणी उचलून नेला असेल. परवा डोंगर उतरवायचाय. सात घरांच्या मेंढ्या एका दिवसात खाली आणायच्या. कुत्र्याशिवाय मी तिथं काय करू, हात हलवत उभी राहू?"

"मावशी, माझ्या लोकांनी—"

"त्रिस्तान, खाली जा, जिथं फोन लागेल तिथून पोलिसांना कळव. आणि नेरिस, तुझी माणसं बसमध्ये घाल. या फाटकातून पुन्हा आत यायचं नाही. दरीतल्या बाकीच्यांनाही मी सांगणार आहे."

मार्गेदमावशींनी सांगितलं की बाकीचे ऐकतात. आणि दरीतल्या घरांनी आपापली फाटकं बंद केली की माझी सहल संपली, कारण या भागात बघण्यासारखं जे काही आहे ते कुणा ना कुणाच्या शेतापलीकडेच आहे.

२

फाटकाबद्दल मला कुणी शिकवू नये. ही सहल मी इतकी वर्षं चालवते आहे, आणि मी लोकांना किल्ल्यांची नावं कमी आणि फाटकांचे नियम जास्त सांगते. उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर बंद करा, दोरी बांधा. मावशींच्या हावोद-लास शेतघराचं फाटक म्हणजे तर छळच आहे. बिजागरी मोडकी, कडी गंजून गेलेली, त्यामुळे ते गवताच्या गठ्ठ्यांच्या निळ्या प्लास्टिकच्या दोरीनं खांबाला बांधतात. त्या दोरीला एक मेंढपाळी गाठ असते, एका हाताने ओढली की सुटते आणि दुसऱ्याने फिरवली की बसते. शहरातल्या माणसाला ती जन्मात जमत नाही.

त्या सकाळीही तेच झालं. बस अरुंद रस्त्यात फाटकाच्या जरा खाली उभी केली. ती तिथे उभी राहिली की दोन्ही भिंतींमधून दुसरी गाडी जाणार नाही, पण दुसरी जागाच नाही. सगळ्यांना आत घेतलं. शेवटचे होते बेब, निवृत्त दंतवैद्य. ते दोरीशी इतका वेळ झटले की तेवढ्यात पाऊस सुरू झाला.

"बाई, हे कुलूप आहे की कोडं?" ते म्हणाले.

"सरका," मी म्हणाले आणि बांधून टाकली.

त्यानंतर सगळा दिवस असाच गेला. वरचा राजपुत्रांचा किल्ला ढगात. धबधबा पावसात, म्हणजे पाण्यात पाणी. कुणाला स्वच्छतागृह हवं होतं, कुणाचं कानातलं यंत्र भिजलं होतं. मी आशा ठेवून होते ती एकाच गोष्टीवर, मार्गेदमावशींच्या कुत्र्याचा खेळ आणि नंतरचा चहा. ते आजवर कधी चुकलं नव्हतं.

यंदा तेही धड झालं नाही. पेरोनं झकास काम केलं. पोटावर सरपटत गेला, मेंढ्यांना वळसा घातला, गोळा करून अंगणाशेजारच्या कुरणात आणून सोडल्या. पण मावशींच्या शिळा प्रत्येक वेळी मागाहून. मेंढ्या डावीकडे वळल्या की मग 'डावीकडे वळव'ची शीळ. मेंढ्या कुरणात शिरल्या तरी मावशींचा चेहरा अजून माळाकडेच. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण मला खोटं वाटत होतं. मनात म्हटलं, म्हातारीला आता आमचा कंटाळा आलाय, नुसती पाट्या टाकतेय.

"कुत्रा विकणार का?" बेबनी विचारलं. तिसऱ्यांदा.

"तुमचे दात विकणार का?" मावशी म्हणाल्या, आणि पेरोला आत घेऊन गेल्या. स्वयंपाकघरातून जाताना त्यांनी गोणपाटानं त्याचे पाय पुसले, पावाची कड त्याच्यापुढे टाकली आणि त्याला मागच्या दुधाच्या खोलीत घालून दार लावलं. मला त्यांच्या मागून गरम पाण्याची किटली धरून चालावं लागत होतं, म्हणून मी हे सगळं पाहिलं.

मग चहा. टेबलावर 'बारा ब्रिथ' या आमच्याकडच्या मनुकांच्या पावाचे जाड काप होते, वर लावायला लोणी मात्र थोडं. लिव्हरपूलकर असले तरी मुळात आमचेच वेल्श लोक, उबेत बसून पोटात काही गेलं की त्यांना भजन सुचतं. त्यांनी सूर धरला. आमच्याकडे भजनाचं शेवटचं कडवं एकदा म्हणून कधी संपत नाही. ते पुन्हा म्हणतात, मग आणखी जोरात पुन्हा म्हणतात, आणि तुम्हाला वाटतं झालं, तेवढ्यात मागच्या बाकावरचा कुणीतरी खर्जात परत उचलतो.

"लोणी आणते," म्हणून मावशी दुधाच्या खोलीत गेल्या. कडव्यांमागून कडवी गेली. त्या आल्या तेव्हा केस ओले होते आणि हातात लोणी नव्हतं. विसरल्या म्हणाल्या. मी चरफडत कोरडा काप गिळला, आणि तेवढ्यात त्रिस्तान दारात उभा राहिला.

३

बसमध्ये सगळे गारठून बसले होते. मी बेबना पुढच्या सीटवर बोलावलं. भजनाच्या वेळी खोलीत नव्हते ते एकटेच, हे मला चांगलं आठवत होतं.

"तुम्ही कुठे होतात?"

"माझ्यावर संशय घेताय?"

"तुम्ही तीनदा कुत्रा मागितलात."

"मागितला. चोरला नाही. तुमच्या बसची झडती घ्या, माझ्या पिशवीत एवढा मोठा कुत्रा मावतो का बघा." ते फुरंगटले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी इथंच होतो, बसमध्ये. माझ्या थर्मासमधला चहा पीत."

"घरात चहाची किटली भरलेली असताना?"

"बाई, मी दंतवैद्य होतो, मला स्वच्छतेचं कळतं. त्या म्हातारबाईंनी प्रत्येक कपात बोट घातलं चहा ओतताना. कडेला, असं. प्रत्येक कपात. तुम्ही सगळे गात होतात, म्हणून कुणी बघितलं नाही."

मला हसू आलं नाही. माझाही कप त्यातलाच होता.

"मेंढ्या बसजवळून गेल्या असतील की."

"गेल्या. बसला घासून गेल्या."

"मग हाक नाही मारलीत?"

"मला वाटलं, तो कार्यक्रमाचाच भाग आहे."

मी कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. इतकी वर्षं लोकांना सांगतेय की मेंढ्या म्हणजे नाटकातले नट नव्हेत.

"फाटक उघडं होतं का?"

"काचेवर वाफ होती. काही दिसलं नाही. एक गाडी मात्र चालू होती, वरच्या अंगाला. इंजिन घुरघुरत होतं. मग मेंढ्या आल्या, मग इंजिन दूर गेलं."

"वर? खाली नाही?"

"मी दात काढायचो, कान नाही," बेब म्हणाले. "वर."

त्रिस्तान पोलिसांना फोन करून पुलाकडून चालत वर आला. त्याची गाडी अजून पुलाच्या पलीकडेच होती, कारण येताना पुलावर मेंढ्या होत्या. तो बाला नावाच्या गावात विम्याच्या कचेरीत असतो, पण याच घरात लहानाचा मोठा झालाय.

"हवालदार येतो म्हणाला, पण आधी त्याला दुसरीकडे जायचंय," तो म्हणाला. "कुत्रा हरवला म्हटल्यावर हसला."

"तू आलास तेव्हा फाटक कसं होतं?"

"फाटकाकडे कोण बघतं? मी नेहमीसारखा भिंतीच्या पायऱ्यांवरून उडी मारून आलो."

"तुला आत्याला बालाला न्यायचंय, हे सगळ्यांना माहीत आहे."

"मग? एकमजली घर बघून ठेवलंय, नळाला गरम पाणी, दारात बस. ती म्हणते पेरो आहे तोवर मी इथून हलणार नाही." माझ्याकडे बघून त्याचा चेहरा तांबडा झाला. "नेरिस, मी कुत्रा पळवीन असं वाटतं तुला? त्याच कुत्र्याच्या आजीबरोबर मी लहानपणी झोपायचो."

"मला काय वाटतं ते मलाच कळत नाहीये," मी म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं. कपडे अंगाला चिकटले होते, माझी रोजीरोटी एका दोरीवर लटकत होती, आणि ज्याला विचारावं तो मला शहाणपण शिकवत होता.

वर रस्ता एकाच घराला जातो. मी छत्री न घेताच निघाले.

४

त्या वरच्या घराचा, कुम-बाखचा इवोर आणि मार्गेदमावशी यांचं भांडण माझ्या जन्माआधीपासूनचं असावं. डोंगरावर कुणाची मेंढी कुठपर्यंत चरते, यावरून. त्या दोघांच्या मेंढ्यांमध्ये कुंपण नाही, भिंत नाही. मेंढ्याच आपापली जागा ओळखून असतात, आईनं जिथं चारलं तिथंच पोर चरतं, आणि मोकळ्या सोडल्या तर सरळ डोंगराकडे आपल्या जागी जातात. भांडतात ती माणसं. शिवाय इवोरला पेरो हवा होता, आणि हे तो चारचौघांत बोलून दाखवायचा.

त्यानं दार उघडलं ते हातभरच. मागे कुत्री भुंकत होती, एक नाही, पुष्कळ.

"मार्गेदमावशींचा पेरो हरवलाय," मी म्हणाले.

"ऐकलं."

"कुणाकडून ऐकलंस? मी तर आत्ता येतेय."

तो जरा गडबडला. "शीळ ऐकली. दोनदा मारली म्हणजे आला नसणार."

"तू सकाळपासून कुठे होतास?"

"पलीकडची भिंत पडलीय, ती रचत होतो. पिकअप जागची हललेली नाही."

"मी पिकअपचं नाव कुठे काढलं?"

"नाही काढलंस. मीच सांगतोय."

मी पावसात उभी होते, तो उंबऱ्यात. आमच्याकडे दारात भिजत उभ्या माणसाला चहा न विचारणं म्हणजे भांडण जाहीर करणं. मयत झालेल्या घरीसुद्धा आधी किटली ठेवतात. इवोरनं विचारलं नाही. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या नजरेत मला राग दिसला नाही. लाजल्यासारखा दिसत होता तो.

"आत येऊ का?"

"नको," तो म्हणाला. "घरी जा, नेरिस. कुत्रा होता, गेला. काही गोष्टींत नाक खुपसायचं नसतं."

त्यानं दार लावलं. खरं सांगते, मला ते दार लाथेनं फोडावंसं वाटलं. पण माझ्या बुटांत पाणी होतं आणि दार ओकचं होतं.

उतरताना रस्त्याच्या चिखलात मला चाकांचे ठसे दिसले. हावोद-लासच्या फाटकापासून थोडं वर एक गाडी उभी राहिली होती, आणि तिथूनच मागे वळून वर गेली होती. मला वाटलं, मिळाला चोर. हवालदार आला की इवोरकडेच पाठवायचा. माझी माणसं सुटली, मी सुटले.

मी फाटक उघडून आत गेले, मागे वळले, दोरी खांबाला गुंडाळली, गाठ फिरवली. आणि तिथंच माझी बोटं थांबली.

५

मी गाठ का मारली? कुणी सांगितलं नव्हतं. हवालदाराची गाडी यायची होती, बस न्यायची होती, फाटक उघडं राहिलं असतं तरी चाललं असतं. पण आमच्याकडे फाटक लावणं हे कुणी ठरवून करत नाही. पापणी लवावी तसं हात करून टाकतो, आणि केल्याचं लक्षातही राहत नाही.

मघाशी आम्ही सगळे त्रिस्तानमागून भिंतीच्या पायऱ्यांवरून रस्त्यावर उतरलो होतो, आणि मेंढ्या आत घेताना फाटकाची दोरी मी सोडली होती. म्हणजे दोरी बांधलेली होती. मेंढ्या रस्त्यावर, आणि फाटक बंद, गाठ मारलेलं. मेंढ्या काही बाहेर पडून मागे दोरी बांधत नाहीत.

माझ्या लोकांनी फाटक उघडं टाकलं, ही सगळी गोष्टच खोटी होती. मी ती गाठ स्वतःच्या हातानं सोडली, आणि तरी ओशाळून बोलणी खात उभी राहिले. माझा मलाच इतका राग आला की मी फाटकावर मूठ आपटली.

मग मी पावसातच उभी राहून एकेक गोष्ट ओळीला लावली. बेबना किंवा बसमधल्या कुणालाही ती गाठ मारता येत नाही. सकाळी येतानाही मीच बांधली होती. म्हणजे ज्यानं मेंढ्या बाहेर काढल्या तो इथलाच माणूस, त्याला फाटक उघडं ठेवून आमच्यावर आळ घालायचा होता, पण हातानं घात केला.

इथली माणसं म्हणजे त्रिस्तान आणि इवोर. त्रिस्तान खालून आला, आणि माझी बस रस्ता अडवून उभी होती, त्याची गाडी वर जाऊच शकत नव्हती. वर गाडी होती, हे बेबनी ऐकलं आणि चिखलात मी पाहिलं. मेंढ्याही तेच सांगत होत्या. डोंगरी मेंढ्या सुटल्या की वर आपल्या जागेकडे धावतात. या खाली पुलाकडे गेल्या, म्हणजे वरची वाट कशानं तरी अडली होती. इवोरची पिकअप.

इथवर मी खूश होते. पण पेरो अंगणात मोकळा नव्हता. मावशींनी तसं सांगितलं, आणि मी चिडलेली असल्यामुळे ऐकून घेतलं. तो दुधाच्या खोलीत बंद होता. त्या खोलीचं मागचं दार आतून अडसरानं लावलेलं असतं, आणि दुसरं दार स्वयंपाकघरात, जिथं आम्ही सगळे गळा काढून गात होतो. आमच्यामधून त्या खोलीत फक्त एक माणूस गेलं होतं. लोणी आणायला.

लोणी न घेता, ओल्या केसांनी परत आलेलं माणूस.

इवोरनं कुत्रा चोरलेला नव्हता. तो त्याला देण्यात आला होता. पण का? ज्या कुत्र्याला विकायचं नाव काढलं की ही बाई माणसाचे दात मागते, तो तिनं भांडणाऱ्या शेजाऱ्याला चोरून का द्यावा?

शिळा मागाहून येत होत्या. कपात बोट घालून ती चहा कुठवर आला ते बघत होती.

मी बसकडे पाहिलं. काचांवर वाफ, आत माझी माणसं. मग मी घराकडे वळले.

६

मावशी चुलीजवळ बसल्या होत्या. मी खिडकीच्या उजेडात, त्यांच्यासमोर येऊन उभी राहिले.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"नेरिस."

"तुला जायला सांगितलं होतं मी."

"फाटकाला गाठ कुणी मारली, मावशी?"

त्यांनी स्वतःच्या हातांकडे चेहरा वळवला, जणू त्या हातांनीच चहाडी केली होती.

"बांधली होती?" त्या हळू म्हणाल्या.

"मी सोडली."

"उघडंच ठेवायचं ठरवलं होतं. पेरोनं मेंढ्या बाहेर काढल्या, मी त्याला इवोरच्या गाडीत चढवलं, परत आले..." त्यांनी बोटं हवेत गाठ मारल्यासारखी फिरवली. "जन्मभर एक फाटक उघडं टाकलं नाही गं मी."

"कधीपासून दिसत नाही?"

"दिसतं. कडेकडेनं दिसतं. मध्ये धूर असतो."

मी स्टूल ओढून बसले. माझा राग जात नव्हता, उलट त्याला बसायला जागा मिळाली होती. "मग ते सांगायचं. माझ्या माणसांनी तुमचं काय घोडं मारलं होतं? त्या बिचाऱ्या बेबचं नाव पोलिसांत गेलं असतं. दरीतल्या एकेका घराचं दार माझ्यासाठी बंद झालं असतं."

"तू दुसरीकडे सहल काढली असतीस."

"कुठे? समुद्रात?"

"मला वाटलं, येणारी-जाणारी माणसं. शिव्या खातात, आठ दिवसांत विसरतात."

"मी येणारी-जाणारी नाही, मावशी. माझी आई तुमच्या शेजारच्या बाकावर चॅपेलमध्ये बसायची."

बाहेर पन्हाळीचं पाणी वाहत होतं.

"गेल्या वसंतात," त्या म्हणाल्या, "डोंगर उतरवताना मी शीळ मारली, उजवीकडून ये म्हणून. मला वाटलं मेंढ्या अलीकडे आहेत. त्या कड्याच्या काठावर होत्या. तो गेला. मी सांगितलं म्हणून गेला. दोन मेंढ्या खाली पडल्या, तो कसा वाचला देवालाच ठाऊक. मी सगळ्यांना सांगितलं, ढग उतरला होता. इवोर एकटा म्हणाला, मार्गेद, ढग कुठे होता?"

"म्हणून इवोरला दिलात."

"परवा पुन्हा तोच कडा. त्याला समोर दरी दिसली तरी मी शीळ मारली की तो जाणार. मला नकार द्यायला त्याला मी शिकवलेलंच नाही." त्यांनी सरळ मनगटानं नाक पुसलं. "इवोरशी पटत नाही माझं. पण त्याच्या हाताखाली एकही कुत्रा मेलेला नाही."

"तो माझ्याशी खोटं बोलला."

"मी शपथ घातली होती. आणि दिसत नाही असं एकदा तोंडातून निघालं की त्रिस्तान संध्याकाळी मला बालाला नेऊन ठेवेल. म्हटलं, कुत्रा हरवला, म्हातारी खचली, यंदा डोंगरावर आली नाही, एवढंच लोकांनी म्हणावं. त्यात कुणी दोष देत नाही. डोळे गेले म्हटल्यावर माणसं आवाज चढवून बोलायला लागतात, जणू कानच गेलेत."

मला वाईट वाटलं. खूपच वाटलं. पण मी भिजलेली होते, आणि बाहेर बसमध्ये माझी माणसं चोर म्हणून बसली होती.

"मी कुणाला सांगणार नाही," मी म्हणाले. "तुम्ही सांगायचं. हवालदार यायच्या आधी. नाहीतर मी त्याला फाटकाचं सांगणार, आणि मग तो इवोरकडे जाणार, कुत्रा सापडणार, आणि चोर ठरेल तो. तुमच्यासाठी खोटं बोलणारा माणूस."

हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं. त्या उठल्या, टेबलाची कड धरून भिंतीपाशी गेल्या, जिथं जुना फोन टांगलेला होता. तो हाताशी असूनही त्यांनी त्रिस्तानला फोन करायला खाली पिटाळलं होतं, इवोरला वेळ मिळावा म्हणून. रिसीव्हर उचलून त्यांनी बोट आकड्यांवर ठेवलं आणि तसंच राहू दिलं.

"इवोरचा नंबर लाव," त्या म्हणाल्या. "मला आकडे दिसत नाहीत."

मी लावला. तेवढ्यात त्रिस्तान दारात आला. मी त्याला हातानंच थांबवलं, आणि मावशींना कळलं तो आल्याचं, कारण त्या म्हणाल्या, "उभा राहा तिथंच. तूही ऐक."

पलीकडून इवोरचा आवाज आला, आणि त्याच्या मागे एक कुत्रा भुंकायला लागला. मी आणि त्रिस्ताननं एकमेकांकडे पाहिलं. मावशींनी रिसीव्हर कानापासून दूर धरला आणि त्यांची मान खाली गेली. मला वाटलं, आता ठेवून देणार.

"इवोर," त्या म्हणाल्या, "त्याला आधी बाहेर घाल. माझा आवाज ऐकला तर तो पळत घरी येईल."

तिकडे दार लागल्याचा आवाज झाला.

"घातलास? बरं. नेरिसच्या माणसांनी काही केलेलं नाही, हे पहिलं. आता दुसरं ऐक, आणि सातही घरांना सांग. मला दिसत नाही."